चौकोनातली आई

पडद्यावरच्या आईने काहीतरी सांगायला हात वर उचलला आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप बंद पडला. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. पडदा काळा झाला आणि त्या काळ्या काचेत लेकीला स्वतःचंच तोंड दिसलं, अर्धवट उघडं, चहाचा घोट घ्यायचा राहून गेलेलं. तिने बटण दाबलं, दाबून धरलं, वायर काढली, घातली, पुन्हा काढली, आणि शेवटी ठसका लागलेल्या पोराच्या पाठीत मारावी तशी एक थाप मारली. इतकी वर्षं इमानेइतबारे चाललेलं यंत्र. जायचंच होतं तर एक वाक्य थांबून जायचं होतं. कारण आईने उचललेला तो हात नेहमीसारखा नव्हता. एरवी तिचं 'ऐक' म्हणजे खांद्याशी बोटांची एक फडफड, माशी हाकलावी तशी, आणि ती संपायच्या आत पुढचं वाक्य सुरू. आज पंजा छातीपासून निघाला होता, सावकाश, आणि हनुवटीपाशी येऊन थांबला होता. आई बोलण्याआधी थांबत नाही. ती आधी बोलून मोकळी होते आणि मग विचार करते, हे तिच्या ओळखीतलं कुणीही सांगेल. त्या थांबण्याची लेकीला भीती वाटली.

आईला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आणि तिच्या घरी तिच्यासाठी फळीवर एक टॅबलेट उभा करून ठेवलेला आहे, त्यातून रोज सकाळी ती मुलीशी बोलते. मुलीने घाईघाईने मोबाइलवरून त्या टॅबलेटवर व्हिडिओ कॉल लावला. काडेपेटीएवढ्या पडद्यात काडीएवढी आई आली. 'काय सांगत होतीस?' तिने मोकळ्या राहिलेल्या एका हाताने विचारलं. आईने मान हलवली. 'मोबाइलवर नको. पडदा नीट झाला की मग.' 'काही झालंय का?' 'कामाला जा,' आईचा हात म्हणाला, आणि संपलं. यात नवीन काही नव्हतं. मोबाइल हे आईच्या मते बोलायचं साधनच नव्हे. तो धरायला एक हात जातो, आणि हात गेला म्हणजे अर्धी जीभ गेली. मोबाइल पहिल्यांदा घरात आला तेव्हाच तिने विचारलं होतं, तुम्हाला कुणी जीभ दातात धरून बोलायला सांगितलं तर बोलाल का? तेव्हा सगळे हसले होते. आज मात्र तिला त्या काडीएवढ्या आईकडे बघताना हसू आलं नाही. संध्याकाळी दादाचा फोन येणार होता, आणि त्याच्या आधी आईचं ते वाक्य तिला हवं होतं. म्हणून ती दुपारचं काम बरोबरच्या दुसरीवर ढकलून थेट दुकानात आली होती.

आणि आता हा विक्रेता तिच्यापुढे दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून उभा होता. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, बोलण्याचा सपाटा असा की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. "हा धाकटा आणि हा थोरला," तो म्हणाला. "आतून दोघं सख्खे भाऊ, काही म्हणजे काही फरक नाही. धाकट्याला उचलून बघा. उचला, उचला. पिशवीत टाकलात तर आहे की नाही तेसुद्धा कळणार नाही. थोरला जरा अंगाने आहे, पण पडदा बघा, मैदान आहे मैदान." तिने धाकटा उचलला. खरंच हलका होता. मग थोरल्यावर बोटं टेकवली, काच गार लागली. "मला दोन्ही पाहिजे," ती म्हणाली. "हलका पण हवा आणि मोठा पण." तो हसला. सगळी गिऱ्हाइकं हेच म्हणत असणार. "मॅडम, मी एकच विचारतो सगळ्यांना. तुम्हाला जास्त काय करायचंय, फिरायचंय की बघायचंय? ते ठरलं की लॅपटॉप आपोआप ठरतो." त्याने ते अगदी सहज म्हटलं. हाच प्रश्न गेले कित्येक दिवस दादा वेगळ्या शब्दांत विचारत होता आणि ती त्याला झुलवत ठेवत होती.

दुभाषी हा तिचा पेशा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या आणि ज्यांना हात वाचता येत नाहीत त्यांच्या मधे ती बसते. दवाखान्यात, न्यायालयात, शाळेच्या ऑफिसात, कधी पोलीस ठाण्यातसुद्धा. काही दिवस पिशवी खांद्याला लावून दारोदार, काही दिवस घरच्या जेवणाच्या टेबलावरून पडद्यातून. पिशवीने तिचा डावा खांदा कामातून गेला होता. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलं होतं आणि तिने बरं म्हणून मान डोलावली होती, आपण सगळे डोलावतो तशी. पडद्यावरच्या कामाची वेगळीच रड. डॉक्टर लहान चालतो, त्याचा नुसता आवाज पुरतो. रुग्ण मोठा लागतो. त्याची बोटं दिसायला हवीत, कोपर दिसायला हवा, माणूस चिडला की हात लांब जातात आणि तेव्हाच नेमके कडेच्या बाहेर जातात. नवीन पोरींना ती शिकवायची, चेहरा कापला गेला तरी चालेल, हात कापू नका. समोरच्याला सांगा, मागे सरका. मागे सरकायला सांगायची लाज बाळगू नका. पोरी ते वहीत लिहून घेत.

आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी आई होती. मैत्रिणी फोन खांद्यात धरून भाजी चिरतात आणि 'हं, हं, मग?' करत तासभर आयांशी बोलतात, याचा तिला लहानपणापासून हेवा वाटत आला आहे. तिच्या आईपुढे नुसतं 'हं' म्हणायलासुद्धा डोळे लागतात. डोळे दिले की काम थांबतं, काम थांबलं की घरचं गणित कोलमडतं. मग तिला एक युक्ती सापडली. आईला पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात छोट्याशा चौकोनात ठेवायचं आणि बाकीच्या पडद्यावर कामाचे अहवाल लिहीत बसायचं. ते ॲप असं की खिडकी लहान केली की दोन्ही बाजू छाटून मधला चौकोन तेवढा ठेवतं. आईचा चेहरा, गळा, छातीपुढचे हात. एवढं पुरायचं. अधूनमधून नजर टाकायची, उजवा हात माऊसवर, डाव्या हाताने बरं, अगं बाई, पुढे, असं म्हणायचं. सकाळचे दोन-दोन तास आई त्या चौकोनात असायची आणि ती नवऱ्याला, दादाला, ओळखीपाळखीच्या सगळ्यांना अभिमानाने सांगायची की मी रोज आईबरोबर बसते. खोटं नव्हतं ते. बसत होतीच.

दोनेक महिन्यांपूर्वी आईही एका हाताने बोलायला लागली. तिच्या ते लगेच ध्यानात आलं आणि त्याचा अर्थही लगेच लागला, कारण ती आईला पुरती ओळखून होती. आईचे रुसवे हे असेच, तोलून मापून परत केलेले. बाबा, त्यांनाही ऐकू यायचं नाही, एकदा वर्तमानपत्रात डोकं घालून आईच्या बोलण्याला मान डोलावत राहिले, तर तिने पुढचा आठवडाभर त्यांच्याकडे पाठ केली आणि हात पाठीमागे धरून उत्तरं दिली. बाबा बिचारे तिच्या पाठीशी वाकून वाकून वाचायचे, आणि दादा आणि ती दारामागे हसून लोळायचे. तेव्हा हेही तसंच. तू मला एका हाताने बोलतेस काय, मग मीही बघ. खरं तर त्याच दिवशी माऊस सोडून द्यायचा आणि दोन्ही हात जोडून माफी मागायची. पण तिलाही राग आला. मी इथे राबते, तुला वेळ देते, आणि तू माझे हात मोजतेस! म्हणून तिनेही हट्टाने एकच हात चालू ठेवला, आणि दोघी दोन गावांत बसून अशा अर्ध्या तोंडाने एकमेकींशी बोलत राहिल्या.

त्यातून आईने तिचं नाव घेणंही सोडलं होतं. हे जास्त लागलं. जन्मदाखल्यावरचं नाव आईला कधी उच्चारता आलं नाही. आईच्या हातात तिचं वेगळं नाव आहे: डाव्या हाताची तर्जनी उभी, आणि उजव्या हाताची मूठ तिच्याभोवती मिटलेली. पाळण्यातली असताना ती आईचं बोट असं घट्ट धरून झोपायची आणि सोडवता सोडवत नसे, म्हणून ते नाव पडलं. लग्नाच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांमधून आईने लांबून तिला तशीच हाक मारली होती, हात डोक्यावर उंच धरून. आता गेले कित्येक दिवस नुसती ती फडफड. ऐक. अगं. ए. तिला वाटायचं, म्हातारीने मला नावातून काढून टाकलं. आणि मग वाटायचं, टाकू दे.

"घाई नाही मॅडम, बसा हवं तर," विक्रेता म्हणाला आणि एक स्टूल पुढे सरकवलं. ती बसली. नवऱ्याने सकाळी चपला घालता घालता निकाल दिला होता: "मोठा आणलास तर जेवणाच्या टेबलावरून माझी हकालपट्टी होणार. छोटा आण, म्हणजे माझं ताट तरी राहील." तो विनोद करून निघून गेला आणि त्याचं बरोबरच होतं, त्याच्या लेखी लॅपटॉप हा लॅपटॉप होता. दादाच्या लेखी नव्हता. दादाशी गेल्या वेळी कडाक्याचं वाजलं होतं. तो म्हणत होता, आईला आता माझ्याकडे आणतो, तिच्या वयाला एकटीने राहणं नको. ती म्हणत होती, तुझ्याकडे तिच्याशी बोलणार कोण? दादा लहानपणीच शिकायला वसतिगृहात गेला आणि त्याचे हात तिथेच आखडले; आता तो आईशी बोलतो तो परीक्षेतल्या उत्तरासारखा, एकेक शब्द सुटा. वहिनीला 'जेवण' आणि 'झोप' येतं. मुलं मान वर करत नाहीत. "तुमच्या भरल्या घरात ती मुकी होऊन जाईल," ती म्हणाली होती. दादा म्हणाला, "म्हणजे बोलायला कुणी नाही म्हणून एकटीच ठेवायची? अजब आहे तुझं." मग तिने शब्द दिला होता. एक सोडून दोन दिले होते. मी तिकडे जाऊन राहत जाईन, आठ-आठ दिवस, काम तिथूनच करीन. आणि एरवी इथून बघत जाईन. मी तिला रोज बघते दादा. तू बघतोस का? दादाने तेवढ्यापुरतं ऐकलं. पण आज संध्याकाळी पक्कं काय ते सांग, म्हणजे मी खोली रिकामी करायला घेतो, असं तो म्हणाला होता.

धाकटा घेतला तर जायचं. थोरला घेतला तर बघायचं. इतकं साधं होतं ते आणि ती दोन्हींकडे आळीपाळीने पाहत होती, पण ठरवता येत नव्हतं. कारण गेल्या थंडीनंतर ती आईकडे गेलीच नव्हती. दर वेळी काहीतरी निघे, एखादी तारीख, एखादं बाळंतपण, कुणाची साक्ष. धाकटा घेऊनही ती जाईलच याची खात्री तिला स्वतःलाच वाटत नव्हती. पिशवी हलकी झाली म्हणून पाय उचलतात असं थोडंच आहे. आणि थोरला घेतला तर ती कबुलीच झाली की मी येत नाही, इथूनच बघते. आईला ते न सांगता कळेल. आईला सगळं कळतं. ऐकू न येणाऱ्या माणसासमोर खोटं बोलणं फार अवघड, ती माणसं शब्द सोडून बाकीचं सगळं वाचतात. सोळाव्या वर्षी एकदा आईशी कडकडून भांडण झालं होतं, कुठल्याशा सहलीला जाण्यावरून, आणि आईचे हात थांबेनात, बोटांचे नुसते फटके, तेव्हा तिने उठून खोलीतला दिवा मालवला होता. घरात हा एकच गुन्हा होता ज्याला माफी नव्हती. भांडताना डोळे मिटायचे नाहीत आणि दिवा मालवायचा नाही, कारण अंधारात आईला तोंडच नाही. त्या काळोखात आईचे हात हवेत चालूच असल्याचा नुसता वारा लागत होता, गालाला, आणि मग तोही थांबला. तिनेच घाबरून पुन्हा बटण दाबलं. आई तिथेच उभी होती, हात खाली, आणि रागावलेली मुळीच नव्हती. सकाळी पडदा काळा झाला तेव्हा तोच वारा थांबल्यासारखं तिला झालं होतं.

"मला एक फोन लावून बघायचाय," ती म्हणाली. "व्हिडिओ. दोन्हींवर." विक्रेत्याचा चेहरा उजळला, गिऱ्हाईक हलायला लागलं की त्याला कळत असावं. "लावा की. दुकानाचं नेट आहे, झकास चालतं." तिने धाकट्यावर आपलं खातं उघडलं आणि आईला लावलं. आई लगेच आली, जणू फळीसमोरच बसून होती. सवयीने तिची बोटं आपोआप चालली: आईला उजव्या कोपऱ्यात ढकललं, शेजारी एक कोरा कागद उघडला, रुग्णासाठी एक खिडकी ओढून पाहिली. तीन खिडक्यांत धाकट्याचा जीव घुसमटला. आई टपाल तिकिटाएवढी झाली. 'कुठे आहेस?' तिकिटातला हात विचारत होता. 'दुकानात. नवीन घेतेय.' तिचा उजवा हात टचपॅडवर होता, ती डाव्याने बोलली. 'बरं,' आई म्हणाली. केस मुलासारखे कापलेले, अंगात तो बिनबटणांचा सैलसर गाऊन. केस कापले तेव्हा ती आईला म्हणाली होती, अगदी पोरगा दिसतेस, आणि आई हसली होती, गरम होतं म्हणाली होती. जन्मभर जिच्या वेणीचा शेपटा कमरेवर खेळला तिला एकाएकी गरम व्हायला लागलं. शिवणही तिने डोळे दुखतात म्हणून बंद केलं होतं. 'सकाळी काय सांगत होतीस?' तिने विचारलं. आईने डोळे बारीक केले, तिच्या मागचे दिवे, माणसं न्याहाळली. 'गर्दीत कशाला?' ती म्हणाली.

"आता इकडे बघा," विक्रेता मधेच म्हणाला, आणि त्याने तिला थोरल्यापुढे सरकवलं. तिने तिथेही खातं उघडलं, आई पुन्हा आली, आणि तिची बोटं पुन्हा तेच करायला लागली. कोपरा, चौकोन, शेजारी कागद. जागा भरपूर होती, तिन्ही खिडक्या ऐसपैस बसल्या. विक्रेत्याला ते पाहवेना. "अहो मॅडम, एवढं मैदान दिलंय आणि बाईंना कोपऱ्यात कसलं बसवताय? मोठं करा की!" असं म्हणून त्याने हात लांब करून त्या चौकोनावर दोनदा टकटक केलं आणि आई पडदाभर झाली.

आधी तिला शिलाई मशीन दिसलं. आई त्या मशीनवर कधी रुमालसुद्धा ठेवू देत नसे. त्यावर चादर पसरलेली होती आणि चादरीवर घड्या न केलेले कपडे, एक ताट, कंगवा, पाण्याची बाटली. मग खुर्ची दिसली, खिडकीजवळची. मग खुर्चीच्या हाताशी टेकवलेली उशी, पडद्याच्या अगदी उजव्या कडेला. आणि उशीवर आईचा डावा हात. तो तिथे होता असं म्हणण्यापेक्षा कुणीतरी तिथे ठेवला होता. पालथा, बोटं आत वळलेली, जरासा सुजलेला. छातीपुढे उजवा हात बोलत होता, 'हे दुकान का? केवढे दिवे. तो मुलगा कोण, जेवत नाही का काही?' आणि डावा जागचा हलत नव्हता. आईचा डावा हात गप्प असताना कधी कुणी पाहिलेला नव्हता. उजवा थांबला तरी तो आपला पुटपुटत असायचा, झोपेतसुद्धा. दोन हात लागणारं सगळं तिला एकेक करून आठवलं. वेणी. बटणं नसलेला गाऊन. डोळे दुखतात म्हणून बंद केलेलं शिवण. नाव. जुन्या लॅपटॉपवरही तो चौकोन मोठा करता आला असता, एका टिचकीचं काम होतं, पडद्याच्या मापाचा त्यात काही संबंधच नव्हता. मागे सरका म्हणायची लाज बाळगू नका, असं ती पोरींना शिकवत होती.

आईचा हात थांबला. तिने मुलीची नजर वाचली, ती पडद्यात कुठे गेली आहे ते तिला बरोबर कळलं. उजवा हात घाईने खाली गेला, मांडीवरचा टॉवेल ओढून उशीवर टाकायला. निम्म्यावर गेला आणि राहिला. टॉवेल तसाच लोंबत राहिला.

'कधीपासून?' तिने विचारलं. किती दिवसांनी तिचे दोन्ही हात वर आले होते.

'दिसला तुला,' आई म्हणाली.

'कधीपासून, आई?'

'एक दिवस सकाळी मी उठले. तो उठला नाही.'

'डॉक्टरकडे गेली नाहीस?'

'गेले होते. तो बोलत होता, मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. माझ्यासाठी सांगायला कोण होतं? ते काम तुझं.' यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. 'गोळ्या दिल्या. घेते.'

'मला का नाही सांगितलंस?'

आईने खांदे उचलले, खरं तर एकच उचलला. 'तू रोज बघत होतीस. मला वाटलं, तुला दिसलंय, आणि तुला त्याबद्दल बोलायचं नाहीये. मग म्हटलं, नको तर नको.' थोड्या वेळाने हात पुन्हा हनुवटीपाशी आला, सकाळसारखा, आणि थांबला, आणि या वेळी पुढे गेला. 'सकाळी सांगणार होते, दादाकडे जाते म्हणून. तिकडे कुणी बोलणार नाही, तर नाही. मी तरी आता कुठे पुरी बोलते?'

"मॅडम, रेंजचा काही प्रॉब्लेम नाही ना?" विक्रेता हळूच म्हणाला. त्याला हातांतलं काही कळत नव्हतं, पण तिच्याकडे बघून तो दोन पावलं मागे झाला होता.

'मला वाटलं तू रागावलीस,' ती म्हणाली. 'मी एका हाताने बोलते म्हणून. मला वाटलं तू माझं नाव टाकलंस.'

आईने टॉवेल बाजूला केला. उजव्या हाताने डाव्याचं मनगट धरलं आणि तो उशीवरून उचलला, झोपलेलं मूल उचलावं तसा, जपून, आणि छातीपुढे आणून मांडीवर टेकवला. मिटलेल्या बोटांतलं एक बोट वेगळं केलं. उभं केलं. सोडलं, तर ते पडलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा पडलं. तिसऱ्या वेळी तिने ते सोडलंच नाही. त्या बोटाभोवती उजवी मूठ मिटली आणि तशीच घट्ट धरून तिने ती वर उचलली, जमेल तितकी वर.

'येते मी,' लेक दोन्ही हातांनी म्हणाली. 'आत्ता निघते.'

आईला मूठ सोडून विचारावं लागलं. 'नवा पडदा घेऊन?'

'पडदा नको.'

ती उठली. खातं बंद करायला तिची बोटं दोनदा चुकली. "अहो, मग कोणता देऊ?" विक्रेता म्हणाला. "धाकटा की थोरला? मॅडम? ठरलं का?" ती दारापर्यंत गेली होती. रिकामी पिशवी खांद्यावरून घसरत होती, तिने ती काढून हातात घेतली, मग काखेत मारली. बाहेर गाड्यांचा गोंगाट होता. गाडी कुठून मिळेल, अंधार पडायच्या आत पोचता येईल का, नवऱ्याला काय सांगायचं, हे सगळं डोक्यात एकदम उसळलं आणि त्या सगळ्याच्या आधी तिने दादाला फोन लावला.

"एवढ्यात?" दादा म्हणाला. "मी संध्याकाळी करणारच होतो. बोल, काय ठरलं? आई बरी आहे ना? तू रोज बघतेस तिला, म्हणून मी आपला निर्धास्त आहे."

"दादा," ती म्हणाली, "आज बघितलं मी तिला." आणि पुढचं सांगण्यासाठी तिने फोन खांद्यात धरला आणि भर रस्त्यात, लोक वळून बघत असताना, दोन्ही हात मोकळे केले.